विलगीकरणातली हाक

त्या सोमवारी केतकी मयेकरला कोणी हाक मारली नाही, म्हणून तिची शाळा बुडाली. तरंगवाडीत 'बुडाली' हा शब्द जपून वापरतात. तेव्हा खुलासा केलेला बरा: बुडाले ते फक्त पहिले दोन तास. शाळा तरंगतच होती.

तरंगवाडी म्हणजे मालवणच्या समुद्रात नांगरून ठेवलेली वसाहत. किनारा खचायला लागला तेव्हा पोकळ तराफ्यांवर घरं बांधली, लोकांना तिथे नेऊन ठेवलं आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत छापलं, 'समुद्राच्या कुशीत'. कुशीबद्दल तक्रार नव्हती, पण तराफे गळके होते. पोटात पाणी झिरपायचं आणि ते उपसायला पंप दिवसरात्र चालायचे. पंप थांबले तर काय होईल, हे शाळेत शिकवत नसत. पंपांची घरघर जरा मंदावली की बालवाडीतली मुलंसुद्धा खेळ थांबवून कान देत.

केतकी अकरा वर्षांची होती. तिचे बाबा, सुहास मयेकर, पंपघरात काम करायचे. मागच्या वर्षी तळाची झडप दुरुस्त करायला ते पाण्यात उतरले आणि वर आले नाहीत. मागे राहिला त्यांनी हौसेने लिहिलेला एक लहानसा प्रोग्राम. त्याचं नाव 'हाक'. तो भरती-ओहोटीची वेळ बघायचा, केतकीचं वेळापत्रक बघायचा आणि बाबांच्या आवाजातले सुटे शब्द जोडून रोज एक वाक्य तयार करायचा. मग भिंतीतल्या स्पीकरमधून बाबा बोलायचे, "केतकी, ऊठ. आज उधाण. कठड्याशी जाऊ नको." नाहीतर, "केतकी, ऊठ. आज गणित. डबा विसरू नको."

रोज नवं वाक्य. त्यामुळे बाबा अगदीच गेलेत असं केतकीला वाटत नसे. निदान सकाळी वाटत नसे.

आणि त्या सोमवारी भिंत गप्प.

आई पंपघरातून पाळी संपवून आली तेव्हा केतकी गादीवरच बसली होती. बाबांच्या जागेवर आता आईच काम करायची. तिने दारातच बूट उलटे करून पाणी ओतलं.

"आई, हाक आली नाही."

"वायर सुटली असेल. बघते नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"झोपून उठल्यावर," आई म्हणाली आणि ओल्या मोज्यांसकट झोपली.

आईच्या 'नंतर'चा केतकीला अनुभव होता. स्वयंपाकघरातला दिवा दिवाळीपासून 'नंतर'मध्ये होता. तेव्हा तिने सरळ राखणदाराला विचारायचं ठरवलं.

कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तो गाव सांभाळतो असं लोक मानतात आणि त्याला नारळ देतात. तरंगवाडीचा राखणदार म्हणजे अँटिव्हायरस होता. वसाहतीतल्या सगळ्या यंत्रांवर तो पहारा करायचा. त्याला नारळ लागत नसे, पण वेळच्या वेळी अपडेट दिलं नाही तर तोही कोपायचा. बोलणं मात्र त्याला कोणत्यातरी कचेरीत शिकवलेलं होतं.

"नमस्कार," घरातल्या पडद्यावर तो म्हणाला. "आपलं म्हणणं ऐकून घेण्यात येत आहे."

"आमची 'हाक' कुठे गेली?"

"'हाक' नावाची फाइल संशयास्पद आढळल्यामुळे विलगीकरणात (संशयिताला इतरांपासून वेगळं आणि बंद ठेवण्याच्या जागेत) ठेवण्यात आली आहे. मुदत संपल्यावर, म्हणजे येत्या रविवारी, ती पुसण्यात येईल."

"पण तिने काय केलं?"

"तिने वाईट काही केलं असं माझं म्हणणं नाही. तिची वागणूक व्हायरससारखी आहे. व्हायरस म्हणजे असा प्रोग्राम, जो न विचारता यंत्रात शिरतो, स्वतःच्या नकला करतो आणि त्या पुढच्या यंत्रांत पाठवतो. काही व्हायरस मला आधीपासून माहीत असतात. त्यांच्या खुणा माझ्याकडे नोंदलेल्या असतात, पोलिसांकडे बोटांचे ठसे असतात तशा. 'हाके'ची खूण माझ्याकडे नाही. पण ती कोणी न बोलावता सुरू होते, नकला करते आणि त्या लपवते. काल तिच्या नकला शेजारच्या फ्रीजमध्ये, शाळेच्या घंटेत आणि वसाहतीच्या अध्यक्षांच्या दाढीच्या यंत्रात सापडल्या. दाढी करताना अध्यक्षांना 'केतकी, ऊठ, डबा विसरू नको' असं सांगण्यात आलं. त्यांची तक्रार आली आहे. डबा ते खरोखरच विसरले होते, हे त्यांनी तक्रारीत नमूद केलेलं नाही."

"ते माझे बाबा आहेत."

"फाइल कोणी लिहिली हे मला दिसतं. का लिहिली हे दिसत नाही. मी मन वाचत नाही, हात काय करतात ते बघतो."

"मग तुला संशय आला तर लगेच पुसून का नाही टाकलंस?"

"कारण माझी चूक असू शकते. चांगल्या फाइलवर आळ येणं ही माझ्या धंद्यात रोजची गोष्ट आहे. पुसलेलं परत आणता येत नाही. म्हणून फाइल मूळ जागेवरून उचलतो आणि कुलूपबंद कप्प्यात ठेवतो. तिची अक्षरं ठरलेल्या रीतीने उलटसुलट करतो (याला सांकेतिकीकरण म्हणतात, किल्लीशिवाय ते वाचता येत नाही), म्हणजे कोणी चुकून उघडली तरी ती चालत नाही. कुठून उचलली तेही लक्षात ठेवतो. निर्दोष ठरली तर त्याच जागी परत."

"मग ठेव परत."

"घरातल्या सदस्याची परवानगी लागेल."

"मी सदस्य आहे."

"वयाची अट वसाहतीच्या समितीने घातलेली नाही," राखणदार म्हणाला. "विसरली असावी."

पडद्यावर दोन चौकटी आल्या. पहिलीत होतं, 'फाइल परत सोडा.' दुसरीत, 'यापुढे हिच्यावर संशय घेऊ नये.' केतकीने दोन्हींत खूण केली. बाबांवर संशय घ्यायचा म्हणजे काय.

मंगळवारी सकाळी भिंत बोलली. "केतकी, ऊठ. आज भरती. लवकर ये."

केतकी डोळे मिटून पडून राहिली. आणखी एकदा ऐकू येईल का म्हणून ती वाट बघत होती, आणि तेवढ्यात तिला ऐकू आलं ते दुसरंच. पंपांची घरघर मंदावली. मग अडखळली. मग थांबली.

तरंगवाडीत इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती.

टेबलावरची पेन्सिल घरंगळत भिंतीकडे गेली. बाहेर माणसं धावायला लागली. केतकी पडद्याकडे धावली.

"पंप का थांबले?"

"पंपांच्या संगणकाची स्मृती भरली आहे," राखणदार शांतपणे म्हणाला. "ती लहान आहे. तिथे सध्या 'हाके'च्या नकला आहेत आणि त्या वाढत आहेत. पंपाला स्वतःचं काम आठवायला जागा उरलेली नाही."

"मग त्यांना पकड ना."

"संशय घेऊ नये अशी आपली सूचना आहे. त्यामुळे त्या मला दिसतात, पण मी त्यांच्याकडे बघत नाही."

"आई कुठे आहे?"

"श्रीमती वृंदा मयेकर तराफ्याच्या पोटात आहेत. तळाच्या झडपेपाशी."

दुसऱ्या चौकटीतली खूण पुसायला केतकीला तीनदा बोट टेकवावं लागलं. "सूचना मागे," ती म्हणाली. "सगळ्या पकड. आमचीसुद्धा."

"आभारी आहे," राखणदार म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी घाई होती.

घरघर परत सुरू व्हायला किती वेळ लागला ते केतकीला कधीच सांगता आलं नाही. आई वर आली तेव्हा छातीपर्यंत भिजलेली होती. तिला सगळं आधीच कळलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त केतकीच्या शेजारी बसली आणि बराच वेळ दोघींच्या अंगाखाली जमिनीवर पाणी साचत राहिलं.

दुपारी केतकी आजोबांकडे गेली. आईचे वडील, दत्ताराम तोरसकर, दोन तराफे सोडून पलीकडे राहायचे. आयुष्यभर त्यांनी बंदरावर एकच काम केलं होतं: परदेशातून येणाऱ्या झाडांमध्ये रोग शोधायचा. आता ते डब्यांमध्ये लावलेल्या झाडांमध्ये तो शोधायचे, आणि सापडला की त्यांना बरं वाटायचं.

"काय गो, अध्यक्षांची दाढी झाली का?" त्यांनी विचारलं.

केतकी हसली नाही. तिने सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "राखणदार बरोबर होता. 'हाक' व्हायरसच आहे. म्हणजे बाबा वाईट होते का?"

आजोबांनी हातातला डबा खाली ठेवला. "बंदरावर कलमं यायची. एखाद्याच्या पानावर पिवळे ठिपके दिसायचे. रोगाचे असतील, नाहीतर प्रवासात खारं वारं लागलं असेल. बघून कळत नाही. लगेच जाळलं आणि निरोगी निघालं, तर एक चांगलं झाड हकनाक गेलं. तसंच सोडलं आणि रोगट निघालं, तर कोकणातल्या बागा गेल्या. म्हणून तिसरी जागा लागते. आम्ही त्याला जाळीघर म्हणायचो. तिथे झाड मरतही नाही आणि हिंडतही नाही."

"झाडं हिंडत नाहीत, आजोबा."

"रोग हिंडतो, बाय. जाळीघर ही शिक्षा नव्हे. 'आम्हाला अजून माहीत नाही' असं कबूल करण्याची ती जागा आहे. मोठी माणसं तसं सहसा कबूल करत नाहीत, म्हणून त्यांना त्यासाठी वेगळी इमारत बांधावी लागते."

"पण आता माहीत झालंय ना. रोगटच निघालं. मग जाळायचं?"

"एकदा केळीचं एक वाण आलं. तपासलं, पक्का व्हायरस. झाडाचा हं, तुझ्या यंत्राचा नव्हे. पण ते वाण जगात दुसरीकडे कुठे उरलंच नव्हतं. आमचे साहेब म्हणाले, जाळा. आम्ही थोडी मुदत मागितली. झाडाच्या अगदी टोकाला एक कोवळा भाग असतो, मोहरीच्या दाण्याहून बारीक. तिथल्या पेशी सारख्या वाढत असतात (त्याला विभाजी ऊती म्हणतात). रोग सहसा तिथवर पोचलेला नसतो. तेवढेच भाग कापून काचेच्या बाटल्यांत वाढवले."

"आणि जगले?"

"बहुतेक मेले. एक जगला."

"आणि जुनं झाड?"

"ते जाळीघरातच राहिलं. बाहेर कधीच आलं नाही," आजोबा म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही.

घरी आल्यावर केतकीने राखणदाराला 'हाके'चा नमुना तपासणीसाठी पाठवायला सांगितलं. मुख्य भूमीवर एक प्रयोगशाळा होती. राखणदाराला ज्याचा निकाल लावता येत नसे, ते तिथली माणसं उघडून वाचत. उत्तर गुरुवारी आलं. राखणदाराने ते वाचून दाखवलं: "हेतू वाईट दिसत नाही. नकला करण्याला मर्यादा नाही. आहे त्या रूपात सोडू नये. आत आवाजाचे सुटे तुकडे आहेत, ते निर्धोक आहेत."

"मर्यादा नाही म्हणजे?" केतकीने विचारलं.

उत्तर आईने दिलं. ती कपाटात काहीतरी शोधत होती. "आपल्या घरात किसण्या किती आहेत?"

"तीन."

"टॉर्च?"

"चार. एक चालतो."

"तेच. खाऱ्या हवेत काही टिकत नाही. इथे प्रत्येक घरात प्रत्येक वस्तू जास्तीची असते. तुझे बाबा म्हणायचे, तरंगवाडीत एक वस्तू म्हणजे शून्य वस्तू." आई कपाटाशी पाठ करूनच बोलत होती. "त्यांनी 'हाके'लाही तीच सवय लावली. जिथे यंत्र दिसेल तिथे स्वतःची एक नक्कल ठेव, म्हणजे एक गंजलं तरी दुसरं बोलेल. एवढं लिहिलं. आधी बघ तिथे नक्कल आहे का, हे लिहायचं राहिलं. आणि कुठे थांबायचं, तेही. घरात चारच यंत्रं होती, तोवर खपून गेलं. गेल्या महिन्यात सगळी वसाहत एका जाळ्यात जोडली, आणि 'हाके'ला वाटलं, आपलं घर मोठं झालं."

"म्हणजे चूक एका ओळीची?"

"न लिहिलेल्या ओळीची," आई म्हणाली. "तू विसरू नयेस म्हणून केलं त्यांनी. पंपाला काय, सगळं सारखंच."

शनिवारी केतकी पडद्यासमोर बसली. आई मागे उभी राहिली. या वेळी केतकीने कोणतीही चौकट न वाचता खूण केली नाही.

"पर्याय तीन आहेत," राखणदार म्हणाला. "पुसणे. परत सोडणे. विलगीकरणातच ठेवणे."

"ठेवणे," केतकी म्हणाली. "पण रविवारी पुसायचं नाही. मुदत काढून टाक."

"त्यासाठी कारण लागतं. बहुतेक लोक 'चुकून' असं लिहितात."

केतकीने विचार केला. "लिही, दुरुस्त करायला शिकत आहे."

"किती वेळ लागेल?"

"माहीत नाही."

"तशी नोंद करतो," राखणदार म्हणाला. "'माहीत नाही' या नोंदीसाठीच हा कप्पा आहे."

"आणि आतले आवाजाचे तुकडे तेवढे काढून दे. फक्त तुकडे. प्रोग्राम नको."

राखणदाराने प्रत्येक तुकडा तपासून बाहेर ठेवला. केतकीने पहिला लावला. "ऊठ." दुसरा. "गणित." तिसरा. "उधाण." सगळे बाबांच्या आवाजात, आणि एकाचाही दुसऱ्याशी काही संबंध नाही. प्रोग्राम होता तोवर ते बाबा होते. आता ती शब्दांची टोपली होती. केतकीने बाकीचे ऐकलेच नाहीत. तिने तोंड बाहीत खुपसलं आणि आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग आई म्हणाली, "चल, पहिली ओळ लिहू."

'नंतर' म्हणाली नाही.

आईला प्रोग्राम लिहिणं थोडंसं यायचं, पंप चालवण्यापुरतं. केतकीला त्याहून थोडं कमी. दोघींनी आठवडाभर, पाळी आणि शाळा यांच्या मधल्या वेळात, पाच-सात ओळी लिहिल्या. सगळ्यात आधी लिहिलं: नक्कल करू नको. मग: टोपलीतून शब्द घे, ओळीत लाव, एकदा बोल, थांब.

"हे लगेच भिंतीत बसवता येणार नाही," राखणदार म्हणाला. "आधी चाचणी-खोलीत चालवावं लागेल. चाचणी-खोली म्हणजे संगणकाच्या आत केलेला खोटा संगणक. आतल्या प्रोग्रामला वाटतं आपण मोकळे आहोत. खरं तर दार बंद असतं आणि मी काचेतून बघत असतो."

"बघ," केतकी म्हणाली. "नीट बघ. संशय घे."

तिने बटण दाबलं.

स्पीकरमध्ये खरखर झाली आणि बाबांचा आवाज आला. एकेक शब्द, मध्ये मोठाली अंतरं, जणू कोणी अंधारात हात लावून वस्तू ओळखतंय.

"वृंदा. गणित. ऊठ. भरती डबा नको."

आणि थांबला. सांगितलं होतं तिथेच थांबला.

केतकीने मागे वळून बघितलं. 'वृंदा' हा शब्द 'हाके'तून तिने कधीच ऐकला नव्हता.

"मला कधी उठवावं लागलंच नाही," आई हळूच म्हणाली. "मी त्यांच्या आधी उठायची. तरी भरून ठेवला होता बघ त्यांनी. जास्तीचा."

"तपासणी पूर्ण," राखणदार म्हणाला. "नकला आढळल्या नाहीत. संशयास्पद काही आढळलं नाही. अर्थही आढळला नाही."

"अर्थ येईल," आई म्हणाली. तिने स्टूल ओढून घेतलं आणि पडद्यासमोर, केतकीच्या शेजारी बसली. "डब्याच्या आधी काय यायला हवं, ते लिही आता. आणि परत लाव."